काळ्या पडद्यावरची हजेरी

फोन बंद करून पुन्हा चालू करायची वेळ आपल्यावर फारशी येत नाही. हँग झाला, अपडेट आलं, किंवा कुणी ‘एकदा रिस्टार्ट करून बघ’ म्हणालं तरच. मग स्क्रीन काळी होते, कंपनीचा लोगो येतो, एखादं चक्र गरगर फिरतं आणि अर्ध्या-एक मिनिटात लॉक स्क्रीन समोर येते. तेवढ्या वेळात आत काय चाललेलं असतं, ते फोन सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

आत हजेरी चाललेली असते. प्रोसेसर जागा होतो तेव्हा त्याला जवळपास काहीच ठाऊक नसतं. मेमरी किती आहे, ती धड आहे का, स्टोरेज कुठे आहे, स्क्रीन कुठली, बॅटरी कुठली, हे सगळं एकेक करून कळून घ्यावं लागतं. जो ‘हजर’ म्हणेल त्याला कामाला लावायचं. जो उत्तर देणार नाही त्याला सोडून पुढे जायचं, आणि तो फारच महत्त्वाचा असेल तर तिथेच थांबायचं.

नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतरच्या काही वर्षांत ज्यांनी घरी, शाळेत, एखाद्या क्लासमध्ये असेंबल्ड कॉम्प्युटर पाहिला, त्यांनी ही हजेरी डोळ्यांनी पाहिली आहे. बटण दाबलं की पंखा घरघरायचा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची. मेमरीचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा, पण कितीतरी वेगाने, वर पळायचा. मग हार्ड डिस्कचं नाव, सीडी ड्राइव्हचं नाव, आकड्यांचा एक तक्ता, आणि एक छोटीशी बीप. ती ऐकू आली की समोर बसलेल्यांच्या जिवात जीव यायचा.

बहुतेकांना त्या ओळी म्हणजे काम सुरू होण्याआधीची कटकट वाटायची. पण ज्याला त्या वाचता यायच्या, त्याला मशीनची तब्येत कळायची आणि कधीकधी दुकानदाराची नियतही. त्या ओळी आल्या कुठून, वाचायच्या कशा आणि गेल्या कुठे, याची ही गोष्ट आहे. मशीनमध्ये काय आहे हे कुणी कुणाला सांगायचं, हा प्रश्न तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे.

आधी माणूस सांगायचा

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे एका लहान चमूने तो बनवला होता. इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ, आणि सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये मेमरी फक्त १६ केबी. तुम्ही आत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला एखादा स्टिकरसुद्धा त्यात मावला नसता.

या मशीनला स्वतःमध्ये काय काय बसवलंय हे नीट कळत नसे. मदरबोर्डवर बारीक स्विचांचे दोन संच होते, प्रत्येकात आठ स्विच. मेमरी किती, फ्लॉपी ड्राइव्ह किती, स्क्रीन रंगीत की एकरंगी, हे मालकाने कॅबिनेट उघडून, पेनाच्या टोकाने ते स्विच वर-खाली करून मशीनला सांगायचं. मेमरी वाढवली आणि स्विच बदलायला विसरलात, तर ती मेमरी असून नसल्यासारखी.

पण सांगितलेलं खरं आहे का, हे तपासायची सोय मात्र होती. चालू होताच मशीन एक चाचणी घ्यायचं. तिचं नाव ‘पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट’, म्हणजेच ‘पोस्ट’. ती ज्या छोट्या प्रोग्रॅममध्ये होती, तो ‘बायोस’ ८ केबीच्या एका चिपमध्ये कायमचा भरलेला होता. सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप. नसेल तर पडद्यावर एक आकडा यायचा. २०१ म्हणजे मेमरीत गडबड, ३०१ म्हणजे कीबोर्ड, ६०१ म्हणजे फ्लॉपी. २०१ च्या आधी आणखी काही अंक यायचे आणि मेमरीच्या कुठल्या भागातली कुठली चिप बिघडली आहे, तेही त्यांवरून काढता यायचं. बोर्डावरच्या मेमरीच्या पहिल्या रांगेतल्या चिप सोल्डर केलेल्या होत्या, पुढच्या रांगांच्या सॉकेटमध्ये होत्या. म्हणजे आकडा वाचायचा, नेमकी चिप उपटायची, नवी बसवायची.

स्क्रीनच बिघडली असेल तर आकडा दाखवणार कुठे? म्हणून आवाज. एक लांब आणि दोन छोट्या बीप आल्या की डिस्प्लेच्या कार्डात दोष आहे असं समजायचं.

आयबीएमने आणखी एक गोष्ट केली. बायोसचा संपूर्ण प्रोग्रॅम, टिपणांसकट, टेक्निकल मॅन्युअलमध्ये छापला. मॅन्युअल विकत घेणारा कुणीही आपलं मशीन चालू होताना कुठली चाचणी कुठल्या क्रमाने घेतं, हे ओळ न ओळ वाचू शकत होता.

ही चाचणी संथ होती. मेमरीचा प्रत्येक कप्पा लिहून, वाचून पाहायचा, त्यामुळे मेमरी जितकी जास्त तितकी वाट पाहणं जास्त. बोका रॅटनच्या चमूतले डेव्हिड ब्रॅडली दिवसातून कितीदा तरी मशीन रिस्टार्ट करत आणि दरवेळी त्या चाचणीने त्यांचा जीव मेटाकुटीला येई. त्यांनी एक आडवाट काढली. तीन बटणं एकदम दाबली तर बायोस मेमरीच्या एका ठरलेल्या जागी १२३४ ही खूण ठेवतो आणि पुन्हा सुरू होतो. ती खूण दिसली की ‘हजेरी आत्ताच झाली आहे’ असं समजून मेमरीची चाचणी गाळायची. ती तीन बटणं म्हणजे कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट. पुढे अडकलेला विंडोज सोडवायला साऱ्या जगाने ती दाबली. तिचा जन्म मात्र हजेरीला वैतागलेल्या इंजिनिअरच्या गरजेतून झाला.

विसराळू मशीन आणि एक बटण-सेल

ऑगस्ट १९८४ मध्ये आयबीएमचं ‘एटी’ हे मॉडेल आलं आणि त्या स्विचांपैकी बहुतेक गेले. त्यांच्या जागी बॅटरीवर चालणारी एक चिमुकली मेमरी आली. मशीनमध्ये काय आहे ते एकदा सेटअपमध्ये भरायचं, मग ती चिप लक्षात ठेवणार. तारीख-वेळही तिच्याकडेच. आजही डेस्कटॉपच्या बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा जो सीआर २०३२ सेल दिसतो, तो या कल्पनेचा वारस. आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते. त्यामुळे सगळा भार या सेलवर येतो, आणि काही वर्षांनी एके सकाळी ‘सीमॉस चेकसम एरर’ अशी ओळ दिसते. कॉम्प्युटरची तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षात गेलेली असते. अर्थ एवढाच की सेल संपला, मशीनची आठवण गेली. हे वाचता येणाऱ्याचा खर्च एका सेलचा. न येणाऱ्याला ‘मदरबोर्ड गेलाय’ असंही कुणी सांगू शकतं.

याच घराण्यातली एक ओळ जगभर विनोद म्हणून फिरली: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. कीबोर्डच नाही तर दाबायचं काय? पण तिच्यामागे तर्क आहे. मशीन तिथे मुद्दाम थांबलेलं असतं. वायर निसटली असेल तर लावा, मग एफ१ दाबा, म्हणजे कीबोर्ड खरंच लागला हे मला कळेल. हे सगळं एका ओळीत सांगताना मधला भाग गळला, एवढंच.

लॅमिंग्टन रोडची वाचनकला

आयबीएमच्या मशीनची नक्कल करायची तर बाकी भाग बाजारात मिळत होते, अडसर होता तो बायोसचा. तो छापील होता, पण कॉपीराइटचा होता. कॉम्पॅक कंपनीने तो नव्याने लिहून काढला. पद्धत अशी: एका गटाने आयबीएमचा बायोस काय काय करतो याचं वर्णन लिहायचं, आणि मूळ प्रोग्रॅम कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा लिहायचा. १९८४ मध्ये फीनिक्स कंपनी असा बायोस कुणालाही विकू लागली. अवॉर्ड ही अशीच दुसरी कंपनी. आणि १९८५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सुब्रमणियन शंकर आणि पॅट सरमा यांनी ‘अमेरिकन मेगाट्रेंड्स’ काढली. बूट होताना ज्यांना ‘एएमआय’ ही अक्षरं आठवतात, ती हीच.

आता कुणीही सुटे भाग आणून पीसी जोडू शकत होतं. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही अशा सुट्या भागांची ठिकाणं झाली. ब्रँडेड मशीन परवडत नसलेल्या घरांत, सायबर कॅफेंत, टायपिंगच्या क्लासांत जे पीसी पोचले, ते बरेचसे असे जोडलेले होते. बिल कधी साध्या कागदावर, बोर्ड निनावी, खोकं दुसऱ्याच कुणाचं. मशीनमध्ये खरंच काय आहे हे सांगणारा भरवशाचा कागद म्हणजे तो काळा पडदा.

तो कसा वाचायचा ते पाहू.

सगळ्यात वर बायोस कंपनीचं नाव आणि साल. उजव्या कोपऱ्यात अनेकदा एक रंगीत चिन्ह असे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९२ मध्ये सुरू केलेल्या वीजबचतीच्या ‘एनर्जी स्टार’ योजनेचं ते चिन्ह. आपल्याकडे ते मशीनची शोभा म्हणूनच पाहिलं गेलं.

मग प्रोसेसरचं नाव आणि वेग. त्याखाली मेमरी. ६४ एमबीचे पैसे दिले असतील तर ६५५३६के असा आकडा दिसायला हवा, कारण ६४ गुणिले १०२४ म्हणजे ६५५३६. समजा ५७३४४के दिसले, तर ८ एमबी कमी. दुकानदाराने फसवलं? बहुधा नाही. काही बोर्डांवर ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसे, ते मुख्य मेमरीतूनच वाटा काढून घेत. हा हिशोब ठाऊक नसल्याने दुकानात झालेली भांडणं काही कमी नसतील.

पुढे ‘प्रायमरी मास्टर’, ‘प्रायमरी स्लेव्ह’ अशा चार जागा आणि त्यांपुढे डिस्कची नावं. पूर्वी डिस्कची मापं, म्हणजे किती सिलिंडर, किती हेड, किती सेक्टर, माणसाने बायोसमध्ये भरायची असत. नंतर बायोस थेट डिस्कलाच ‘तू कोण?’ असं विचारू लागला आणि डिस्क स्वतःचं मॉडेल-नाव सांगू लागली. या नावात एखादं अक्षर चुकीचं, चित्रविचित्र दिसलं, तर ते हसण्यावारी न्यायचं नसतं. डिस्क बरोबरच बोलत असते, पण केबल सैल असते किंवा एखादी पिन वाकलेली असते, आणि शब्द वाटेतच बिघडतो. केबल बदलली की नाव सुधारतं. असंच, डिस्क मोठी घेतली तरी ५०४ एमबीच दिसत असेल तर दोष डिस्कचा नाही. जुना बायोस १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांपलीकडे मोजूच शकत नसे, आणि तो गुणाकार तिथेच संपतो.

सगळ्यात खाली डाव्या कोपऱ्यात अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ असे. तिच्याकडे कुणी बघत नसे. पण निनावी बोर्ड कुणी बनवला, त्यावर कुठला चिपसेट आहे, हे त्या ओळीतल्या सांकेतिक अक्षरांवरून शोधता यायचं. ड्रायव्हरची सीडी हरवली की रिपेअरिंगवाला पहिलं काम हे करायचा: पॉजचं बटण दाबून पडदा थांबवायचा आणि ती ओळ कागदावर उतरवून घ्यायचा.

प्रॉक्सी

हजेरी आली म्हणजे प्रॉक्सीही आली, हे कॉलेजात गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

तीनशेशहाऐंशी आणि चारशेशहाऐंशीच्या काळात कॅबिनेटवर लाल किंवा हिरव्या आकड्यांत वेग झळकत असे, ३३, ६६. टर्बो बटण दाबलं की आकडा बदलायचा. तो आकडा काहीही मोजत नव्हता. आतल्या छोट्या जम्परांनी कॅबिनेट जोडणाऱ्याने जो बसवला असेल, तोच दिसायचा. त्याने मनावर घेतलं तर ९९ही दाखवता आला असता.

पडद्यावरचा वेगही पूर्ण भरवशाचा नव्हता. कमी वेगाच्या प्रोसेसरवरची छपाई खरवडून जास्त वेग छापायचा आणि बोर्डावरचे जम्पर त्याप्रमाणे लावायचे, हा धंदा नव्वदच्या दशकात जगभर चालला. बायोस सांगायचा तो चिप आत्ता कुठल्या वेगाने पळते आहे ते. तिला त्या वेगाने पळायला बनवलं होतं का, हे नव्हे. आज स्वस्तात मिळणाऱ्या खोट्या पेनड्राइव्हची तऱ्हा तीच. आतली चिप ‘मी एक टीबीची आहे’ असं बिनदिक्कत सांगते, कॉम्प्युटर ते मान्य करतो, आणि फोटो भरत गेलं की काही जीबींनंतरचं सगळं गायब. पडद्यावरची ओळ ही साक्ष असते. साक्ष तपासावी लागते.

अंधारात दारं ठोठावणं

त्या काळी सगळ्यात अवघड हजेरी होती ती आत खोचलेल्या कार्डांची: साउंड कार्ड, मोडेम, नेटवर्क कार्ड. आयबीएमच्या जुन्या बसवर, म्हणजे आयसा स्लॉटवर, कार्डाने स्वतःची ओळख सांगायची सोयच नव्हती. प्रत्येक कार्डाला एक पत्ता आणि एक ‘आयआरक्यू’ नंबर द्यावा लागे. आयआरक्यू म्हणजे ‘माझ्याकडे लक्ष द्या’ असं प्रोसेसरला सांगायची घंटा. दोन कार्डांना एकच घंटा दिली की भांडण: गाणं लावलं की प्रिंटर अडायचा, माउस हलवला की मोडेम तुटायचा. साउंड ब्लास्टर कार्डाचा पत्ता २२० आणि घंटा ५ हे तेव्हा गेम खेळणाऱ्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ होतं.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपली नवी ऑपरेटिंग सिस्टीम जाहीर केली. आपल्याकडे एटी प्रकारच्याच हार्ड डिस्क आहेत, त्यामुळे इतर कशावर ती चालेल असं वाटत नाही, हेही त्याने सांगून टाकलं होतं. ती लिनक्स पुढे वाटेल त्या मशीनवर चालायला लागली आणि तिला अनोळखी कार्डं ओळखणं भाग पडलं. डोनाल्ड बेकर यांनी नेटवर्क कार्डांचे कितीतरी ड्रायव्हर लिहिले. आयसावर उपाय एकच होता: कार्ड जिथे असण्याची शक्यता आहे, त्या एकेका पत्त्यावर काहीतरी पाठवायचं आणि उत्तर ओळखीचं वाटतं का ते पाहायचं. रात्री अनोळखी चाळीत एकेक दार ठोठावत जाण्यासारखं. चुकीचं दार वाजलं, म्हणजे नेटवर्क कार्ड समजून दुसऱ्याच कार्डाला काही पाठवलं, तर ते कार्ड बिथरायचं आणि सगळं मशीन गोठायचं. म्हणून लिनक्समध्ये ‘या पत्त्यावर विचारू नकोस’ असं आधीच बजावायची सोय करावी लागली. कुठल्या ओळीनंतर मशीन गोठलं हे पडद्यावर राहिलेलं असे, आणि दोषी कोण ते त्या शेवटच्या ओळीवरून कळे.

१९९२ मध्ये इंटेलने ‘पीसीआय’ आणलं आणि प्रत्येक कार्डाच्या गळ्यात ओळखपत्र आलं. त्यावर बनवणाऱ्या कंपनीचा नंबर, वस्तूचा नंबर आणि ती कुठल्या प्रकारची आहे ते. इंटेलने स्वतःसाठी घेतलेला नंबर आहे ८०८६, आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा. जिथे काहीच खोचलेलं नाही, तिथून उत्तर येतं एफएफएफएफ. बूट होताना शेवटी येणारा आकड्यांचा तक्ता म्हणजे ही ओळखपत्रं.

पण नंबर सांगितला तरी नाव कसं कळणार? चेक प्रोग्रॅमर मार्टिन मारेश यांनी लिनक्ससाठी हे नंबर वाचणारी साधनं लिहिली आणि त्यासोबत नंबर आणि नावांची एक यादी ठेवली. जगभरचे लोक तिच्यात भर घालत आले. कुणाच्यातरी मशीनवर ‘अननोन डिव्हाइस’ दिसतं, तो कार्डावरची छपाई वाचून नाव कळवतो, आणि पुढच्या माणसाला ते नाव आयतं दिसतं.

रोज सकाळी एक भागाकार

या ओळींचं मोल सांगणारा माझा आवडता किस्सा १९९४ चा आहे. अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळसंख्यांवर काम करत होते. त्यांच्या उत्तरांत बारीक फरक येत होता. आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला, मग बाकी सगळं, आणि शेवटी दोष सापडला तो इंटेलच्या नव्या पेंटियम चिपमध्ये. काही ठरावीक आकड्यांचा भागाकार ती चुकवत होती. सर्वसामान्यांना याने फरक पडत नाही, अशी इंटेलची सुरुवातीची भूमिका होती. आपलं काम खरंच अडतं हे दाखवेल त्याला चिप बदलून मिळणार होती. लोक भडकले. डिसेंबर १९९४ मध्ये इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं जाहीर केलं आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशोबात धरला.

लिनक्सने यावर काय केलं? बूट होतानाच एक छोटं गणित घातलं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, पुन्हा तेवढ्यानेच गुणा, आणि मूळ संख्येतून वजा करा. उत्तर शून्यच यायला हवं. दोषी पेंटियमवर ते २५६ यायचं. तसं आलं की पडद्यावर ‘हम्म’ने सुरू होणारी एक ओळ: या चिपमध्ये भागाकाराचा दोष आहे. तुमची चिप दोषी आहे की नाही, हे विचारायला कंपनीच्या दारात जायची गरज उरली नाही. तुमचंच मशीन तुम्हाला, रोज, न विचारता सांगत होतं.

पडद्यावर पडदा

मग ओळी झाकायला सुरुवात झाली. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं. निळ्या आभाळाचं चित्र आलं आणि मागची अक्षरं त्याआड गेली. एस्केप दाबलं तर चित्र बाजूला व्हायचं, पण हे फार थोड्यांना माहीत होतं. त्याच विंडोजने ‘प्लग अँड प्ले’चं वचन दिलं: लावा आणि वापरा. लोक त्याला ‘प्लग अँड प्रे’ म्हणायला लागले, लावा आणि देवाचा धावा करा. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉम्डेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या साक्षीने विंडोज ९८ ला स्कॅनर जोडून दाखवताना स्क्रीन निळी पडली. सभागृहात हशा पिकला.

तरीही वचन पुढे बरंचसं पाळलं गेलं, आणि त्याचं मोठं श्रेय यूएसबीला जातं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट इंटेलमध्ये ज्या चमूत होते, त्याने इतर कंपन्यांसोबत ते घडवलं. जानेवारी १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. वस्तू खोचली की ती स्वतः नाव सांगते, मग कशाला हवेत जम्पर आणि आयआरक्यू?

हजेरी आता इतकी बिनबोभाट होऊ लागली की ती दाखवायचं कारणच उरेना. ब्रँडेड मशीनवर कंपनीचा लोगो आला. २००८ मध्ये फेडोरा लिनक्सने ‘प्लिमथ’ आणून आपल्याही ओळी चित्राआड नेल्या. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं की मशीन इतक्या लवकर सुरू होतं की मध्येच बटण दाबायला सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळ मिळतो. झाकलेल्या ओळी बघायला बोटाला सवडच राहिली नाही.

यात वाईट काय? खरं सांगायचं तर बरंच चांगलं आहे. कुणाला आयआरक्यूच्या दिवसांकडे परत जायचं नाही. दवाखान्यातल्या, बँकेतल्या, शाळेतल्या माणसाला कॉम्प्युटर लागतो तो कामासाठी, त्याची नाडी बघायला नव्हे. पण ओळी झाकताना एक गोष्ट गुपचूप बदलली. मशीन जे मालकाला सांगत होतं, ते आता दुसऱ्या कुणाला सांगू लागलं.

ओळ परत आली, सूर बदलून

तुमच्या हातातल्या फोनकडे परत येऊ. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सच आहे. त्या सगळ्या ओळी आजही तयार होतात, पण साध्या वापरणाऱ्याला बघायला मिळत नाहीत. गंमत म्हणजे फोनमध्ये यूएसबी-पीसीआयसारखं स्वतःहून नाव सांगणाऱ्या वस्तू कमी असतात. सेन्सर, टचस्क्रीन असले भाग अनेकदा अशा तारांवर बसलेले असतात जिथे ओळख सांगायची सोय नाही, आयसासारखंच. म्हणून काय कुठे आहे याची यादी, ‘डिव्हाइस ट्री’, फोन बनवणारा आधीच लिहून ठेवतो. १९८१ चे स्विच परत आले म्हणायचे, फरक इतकाच की ते आता मालकाच्या हातात नाहीत.

आणि पडद्यावर एक नवी ओळ आली. २०१९ च्या आयफोन ११ मध्ये स्क्रीन बदलली आणि ती कंपनीने मान्य केलेल्या वाटेने आलेली नसेल, तर ‘ही स्क्रीन अस्सल असल्याची खात्री करता येत नाही’ असा इशारा दिसू लागला. २०२१ च्या आयफोन १३ मध्ये तर बाहेर स्क्रीन बदलली की चेहऱ्याने फोन उघडणं बंद पडायचं. ओरड झाल्यावर कंपनीने ते मागे घेतलं. प्रत्येक भागाचा नंबर त्याच्या मूळ फोनशी बांधून ठेवायचा, या पद्धतीला ‘पार्ट्स पेअरिंग’ म्हणतात. कंपनीची बाजूही ऐकण्यासारखी आहे: चोरीच्या फोनचे भाग विकले जातात, चेहरा ओळखणारा भाग बनावट असेल तर फोनची सुरक्षाच गेली. सेकंडहँड फोन घेणाऱ्याला हा इशारा उपयोगीही पडतो.

पण फरक बघा. २०१ म्हणायचं, ‘ही चिप बिघडली आहे, बदला.’ नवी ओळ म्हणू शकते, ‘ही स्क्रीन उत्तम चालते आहे, पण ती आम्हाला मान्य नाही.’ पहिली हजेरी वस्तू चालते का हे बघत होती. दुसरी तिच्यामागची परवानगी बघते. तपकीर गल्लीतल्या कारागिराचा हात किती सफाईदार आहे, याचा तिच्याशी संबंध नाही.

याविरुद्ध कायदेही यायला लागले आहेत. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने पार्ट्स पेअरिंगला आळा घालणारा कायदा केला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. तिने हात घातलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारं, गाड्या आणि घरगुती उपकरणांसोबत मोबाइलही होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू झालं. पोर्टल म्हणजे हक्क नव्हे, पण आपल्या वस्तूचं दुखणं आपल्याला कळायला हवं, ही मागणी सरकारी कागदावर तरी आली.

घरात जुना डेस्कटॉप माळ्यावर पडला असेल तर एखाद्या रविवारी तो खाली काढा. धूळ पुसा, जोडा आणि चालू करा. लोगो आला तर टॅब किंवा एस्केप दाबून बघा. बहुधा तारीख चुकलेली असेल, सेल संपलेला असेल, आणि मशीन एफ१ची वाट बघत थांबेल. लगेच दाबू नका. आधी वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी वाचा. त्या तुमच्यासाठीच लिहिलेल्या आहेत.